बाजाराची लुकलुक

कंपनीत त्याला सगळे 'जावई' म्हणत, आणि त्यात कौतुकापेक्षा कुचेष्टाच जास्त होती. काम न करता ज्याला पगार मिळतो त्याला आपण कंपनीचा जावई म्हणतो. हा बिचारा बैलासारखा राबायचा, तरीही जावईच ठरायचा, कारण सौद्यांच्या हॉलमधल्या सर्वांत जुन्या माणसाची मुलगी त्याने केली होती. त्या जुन्या माणसाला अख्खा हॉल काका म्हणायचा. काकांनी मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं म्हणून जावयाला नोकरी लागली, हे खरं. ती टिकली त्याच्या स्वतःच्या डोक्यामुळे, पण एवढं कोण लक्षात ठेवतो?

कंपनीचा धंदा म्हणजे गिऱ्हाइकांच्या वतीने शेअर घेणं आणि विकणं. सौदा झाला की दलाली मिळायची, मग गिऱ्हाईक तरो की बुडो. हॉलमध्ये शंभरेक माणसं दाटीने बसलेली, प्रत्येकापुढे दोन-तीन पडदे, पडद्यांवर भावांच्या ओळी. भाव बदलले की ओळी क्षणभर उजळायच्या आणि विझायच्या. हे भाव बाजाराच्या केंद्रातून एका तारेने कंपनीच्या तळघरात उतरायचे आणि तिथून टेबलाटेबलावर जायचे. त्यांना तिथवर नेऊन पोचवणं हे जावयाचं काम.

घोडं अडलं होतं ते इथेच. सकाळी बाजार उघडला किंवा मोठी बातमी फुटली, की भावांचा असा लोंढा यायचा की तळघरातली यंत्रं गुदमरायची. मग पडद्यावर दिसायचा तो मघाचा भाव. लोक शिळा भाव ताजा समजून सौदे करायचे आणि नंतर फोनवर गिऱ्हाइकांच्या शिव्या खायचे. मोठे साहेब म्हणाले, "नवी यंत्रणा घ्यायला पैसे नाहीत. आहे त्यात बसव."

जावयाने बसवलं. त्याचा विचार अगदी घरगुती होता. पापणी लवेपर्यंत एका शेअरचा भाव पुष्कळदा बदलतो, पण माणसाला त्यातला शेवटचाच दिसतो. मग आधीचे पाठवायचे कशाला? मधले गाळायचे आणि शेवटचा पाठवायचा. ज्याने जी ओळ उघडलीच नाही तिचा भाव त्याच्या माथी मारायचा नाही. आणि शंभर दारं ठोठावून तेच ते सांगत फिरण्यापेक्षा चौकात उभं राहून एकदाच ओरडायचं, ज्याला हवं तो ऐकेल. यंत्रांना हुकूम देणारी जुनी व्यवस्था त्याच्या आधी त्या जागेवर असलेल्या कुणा पूर्वजाने लिहून ठेवलेली होती. ती त्याने उपटून फेकली. घर पाडताना जुन्या भिंतींवर काय लिहिलंय ते वाचत कोण बसतं? त्यानेही वाचलं नाही.

नवी व्यवस्था सुरू झाली आणि तळघर शांत झालं. भाव पडद्यावर पोचायचा तो ताजा, गरमागरम. मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. जावयाला वाटलं, आता तरी आपलं नाव बदलेल.

आठवडा गेला नाही तोच हॉलमधून बोंब उठली. बाजार मेलाय! पडद्याकडे बघवत नाही! काहीतरी बिघडलंय! जावई टेबलाटेबलाशी जाऊन दाखवत सुटला, बघा, हा भाव केंद्रातला, हा तुमच्या पडद्यावरचा, दोन्ही एकच, इतके ताजे भाव तुम्हाला जन्मात मिळाले नव्हते. लोक म्हणायचे, "ते असेल रे, पण काही हलतच नाही." उपाशी माणसाला जेवू घालावं आणि त्याने ताटलीच्या रंगाबद्दल तक्रार करावी, तसं जावयाला झालं.

सगळ्यांत वाईट अवस्था काकांची झाली. काका आकडे वाचणाऱ्यांतले नव्हतेच. खुर्चीत मागे रेलून डोळे अर्धवट मिटायचे आणि पडदाभर चाललेली लुकलुक नुसती अंगावर घ्यायचे. मध्येच सरळ होऊन म्हणायचे, "बाजार शिजतोय!" आणि फोन उचलायचे. ते असं म्हणाले की आजूबाजूची दहा माणसं फोन उचलायची. काकांची नजर म्हणजे हॉलमधली दंतकथा होती. आता काका रेलून बसायचे, डोळे मिटायचे आणि तसेच बसून राहायचे. शिजायला काही नव्हतंच. एखाद-दुसरी ओळ उजळायची आणि विझायची. त्यांचा फोन पडून राहू लागला.

मोठ्या साहेबांनी जावयाला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, म्हणजे गोड बोलणार हे नक्की.

"काकांचे सौदे निम्म्यावर आलेत," ते म्हणाले. "वय झालं. पुढच्या महिन्यात ती खुर्ची एखाद्या तरुणाला द्यावी म्हणतो. तुझे सासरे, म्हणून आधी तुझ्या कानावर घातलं."

"साहेब, त्यांचं काही चुकलेलं नाही. पडदा शांत झालाय, म्हणून..."

"मग पडदा बोलता कर. नाहीतर काकांना सांग, नातवंडं खेळवा."

नातवंडं अजून झाली नव्हती. पण तो वेगळा विषय.

काका राहायचे त्याच इमारतीत, जावयाच्या वरच्या मजल्यावर, आणि काकू गेल्यापासून जेवायला लेकीकडे यायचे. त्या दिवशी ताटावर बसले आणि दोन घास खाऊन उठले. ते वर गेल्यावर बायको जावयाकडे वळली.

"तू त्यांचं काय केलंस?"

"मी कुठे काय केलं? मी भाव ताजे केले."

"ताजे केलेस तर माणूस असा शिळा का दिसतोय?" ती म्हणाली. "आई गेली तेव्हासुद्धा तेराव्या दिवशी त्या खुर्चीत जाऊन बसलेला माणूस आहे तो. ती खुर्ची गेली तर ते माझ्या डोळ्यांदेखत संपतील. तुला एवढं यंत्रातलं कळतं ना? मग कर काहीतरी."

जावई वर गेला. काका खिडकीशी बसले होते.

"या, जावईबापू," ते म्हणाले. रागावलेले नव्हते, हेच जास्त लागलं. "एक विचारू का? ते मधले भाव तुम्ही गाळता म्हणे. गाळून ठेवता कुठे?"

"कुठेच नाही, बाबा. टाकून देतो. ते कुणाला दिसत नाहीत."

"दिसत नसतील, पण जाणवतात. लग्नघरात कोण काय बोलतंय ते ऐकू येत नाही, पण कलकल बंद झाली तर लगेच कळतं ना काहीतरी झालंय ते? मधल्या भावांतच तर बाजार असतो हो. शेवटचा भाव म्हणजे नुसता निरोप."

जावई खाली आला तो पार चक्रावून. म्हातारं बोललं ते खरंच होतं की! भाव एकदा बदलून शंभरावर आला काय आणि चाळीस उड्या मारून शंभरावर आला काय, त्याच्या व्यवस्थेत दोन्ही सारखेच दिसत होते. उपायही लगेच सुचला. मधले भाव पाठवायला नकोत, पण किती गाळले तेवढा एक बारकासा आकडा शेवटच्या भावाबरोबर पाठवायचा आणि त्या हिशोबाने पडद्यावरची ओळ लुकलुकवायची. तारेवर भार नाही आणि लबाडी नाही. मात्र असं काही शंभर टेबलांवर बसवायचं तर आधी तपासायला हवं, आणि त्याला वेळ लागणार. तोवर खुर्ची जाणार.

म्हणून त्याने तात्पुरतं एक केलं. तात्पुरतं हा फार खोटारडा शब्द आहे. जगातल्या निम्म्या गोष्टी तात्पुरत्या म्हणून आल्या आणि ठाण मांडून बसल्या. जावयाने काकांच्या एकट्याच्या संगणकावर चार ओळींची एक युक्ती घातली. भाव बदलो न बदलो, पडद्यावरच्या ओळी मनाला येईल तशा, फासे टाकल्यासारख्या उजळायच्या आणि विझायच्या. भाव खरे, पण लुकलुक निव्वळ बनावट.

दुसऱ्या दिवशी काका येऊन बसले, रेलले, डोळे मिटले आणि ताडकन उठले. "आला!" ते ओरडले. "जीव आला! शिजतोय!"

आणि फोन उचलला. दुपारपर्यंत काकांनी मागच्या आठवड्याची सगळी कसर भरून काढली. शेजारचे लोक माना लांब करकरून त्यांच्या पडद्याकडे बघायला लागले. यांचाच बाजार जिवंत कसा? सासऱ्याला ताजं आणि आम्हाला उरलंसुरलं? संध्याकाळी मोठ्या साहेबांचा हुकूम आला, काकांना दिलंय ते सगळ्यांना दे. जावयाने सांगून पाहिलं की साहेब, ते तात्पुरतं आहे, त्यात तसा काही अर्थ नाही. साहेब म्हणाले, "सौदे होतायत ना? मग अर्थ कसा नाही?"

झालं. शंभर टेबलांवर फासे पडू लागले. हॉल पुन्हा गजबजला, माणसं ओरडू लागली, दलाली वाढली. जो तो जावयाला भेटून सांगायचा की आता कसा वेग आलाय! वेग पूर्वीही तोच होता, पण सांगणार कुणाला? काकांची खुर्ची वाचली. बायकोने त्याच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघायची तसं बघितलं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी जावयाची गत झाली. हॉलमध्ये शिरलं की त्याला आपलीच लाज वाटायची.

म्हणून तो खऱ्या लुकलुकीच्या मागे लागला. घरी बसून, सुट्टीच्या दिवशी, कुणी मागितलेली नसताना. आणि जमलं की त्याला! गाळलेल्या भावांचा आकडा बिनचूक पोचत होता, ओळ खरोखर हलली तेवढीच हलत होती. आयुष्यात केलेलं हे सर्वांत देखणं काम आहे, असं त्याचं स्वतःचं मत होतं, आणि ते चूक नव्हतं. एका सोमवारी, कुणालाही न सांगता, त्याने फासे काढले आणि खरं ते लावलं.

सकाळचा तासभर पडदे सळसळले. मग बाजार नेहमीसारखा मंदावला आणि पडदेही मंदावले. दुपारी ओळी इतक्या सावकाश उजळत होत्या की मोजाव्यात. मंगळवारी तेच. हॉलमधून पुन्हा बोंब उठली, पहिलीपेक्षा मोठी. "पुन्हा बिघडलं! चांगलं चाललं होतं, कुणी हात लावला?" आणि काका पडद्यापुढे रेलून तसेच बसलेले. दोन दिवसांत त्यांनी फोनला हात लावला नाही. मंगळवारी साहेबांनी जावयाला पडद्यांकडे नुसतं बोट दाखवलं. बुधवारी फासे परत आले, आणि हॉलने टाळ्या वाजवल्या.

जावयाला काही केल्या उमगेना. खरी लुकलुक काकांनाही ओळखू येऊ नये? इतकी वर्षं त्यांनी जी वाचली, ती कुठली मग? तेव्हा कुठे त्याने फेकून दिलेली जुनी व्यवस्था बाहेर काढली आणि पहिल्यांदा नीट वाचली. तिच्यात एका शेअरचा भाव बदलला की सगळ्या भावांचं अख्खं पान नव्याने पाठवलं जायचं, आणि पडद्यावरच्या सगळ्या ओळी, बदललेल्या, न बदललेल्या, भराभर उजळायच्या. शिवाय तार तुंबलेली असायची, त्यामुळे मघाची पानं मागाहून येत राहायची. बाजार झोपलेला असला तरी पडदा खदखदत असायचा. सगळ्या हॉलने वर्षानुवर्षं बाजार म्हणून वाचला होता तो त्या पूर्वजाचा गबाळेपणा. आणि काकांची ती दंतकथा झालेली नजरही तुंबलेल्या तारेवरच पोसलेली होती.

हे तो कुणाला सांगणार होता?

रविवारी सकाळी काकांनीच त्याला वर बोलावलं. समोर चहा ठेवला.

"जावईबापू, सोमवार-मंगळवार तुम्ही काय केलं होतंत?"

"कुठे काय, बाबा."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. बुधवारी जे परत आलं, ते मला पहिल्यासारखं दिसेना. म्हणजे लुकलुकतंय खूप, पण एकदा त्या दोन दिवसांचं बघितल्यावर..." काका थांबले. "तुम्ही सांगा. हातचं काही राखू नका."

जावयाने सांगितलं. फासे, चार ओळींची युक्ती, साहेबांचा हुकूम, आणि ते दोन दिवस म्हणजे खरा बाजार होता हे. सांगताना त्याची मान वर होत नव्हती. काकांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे मी गेले कित्येक दिवस फाशांवर शिजवत होतो."

"बाबा, चूक माझी आहे. तुमची खुर्ची..."

"ते कळलं मला. खुर्चीसाठी केलंत, माझ्या लेकीसाठी केलंत, मी काय दगड आहे?" मग म्हातारा हळूच म्हणाला, "एकच विचारतो. तुमच्या या नव्या भानगडींच्या आधी, इतकी वर्षं, माझी नजर तरी खरी होती ना? तुम्हाला यंत्राच्या आतलं दिसतं. खरं सांगा."

समोर बसलेल्या माणसाच्या हातात त्या नजरेशिवाय दुसरं काही नव्हतं. तो खोटं बोलला, आणि डोळ्यांत डोळे घालून बोलला.

"खरी होती, बाबा. शंभर टक्के."

काकांनी मोठा श्वास सोडला. चेहरा उजळला. आणि मग त्यांनी जे केलं ते जावयाच्या स्वप्नातही नव्हतं.

"मग ते फासे माझ्या पडद्यावरून काढा," ते म्हणाले. "ते दोन दिवसांचं लावा. नजर आहे ना? मग शिकेन मी. खरं वाचायला किती वेळ लागणार?"

"बाबा, साहेब तुम्हाला घरी बसवतील."

"खोट्यावर बसण्यापेक्षा घरी बसलेलं काय वाईट?"

आपल्याच खोट्याने जावयाचे हात बांधले. नजर खरी नव्हती असं आता सांगावं तर म्हातारा कोसळणार, आणि न सांगावं तर खुर्ची जाणार. बायकोला कळलं तेव्हा तिने रात्री दोनच ताटं वाढली, काकांचं आणि स्वतःचं. मोठ्या साहेबांना मात्र गंमत वाटली. "काकांना काय हवं ते दे," ते म्हणाले. "बाकीच्यांना हात लावशील तर याद राख."

मग हॉलमध्ये एक विचित्र दृश्य दिसू लागलं. सगळीकडे पडदे तडतडतायत, माणसं फोनवर किंचाळतायत, आणि मधोमध एकच पडदा शांत. त्याच्यापुढे काका, आता न रेलता, डोळे सताड उघडे ठेवून, पहिलीतल्या पोरासारखे पुढे वाकलेले. सकाळी दोन-चार सौदे करायचे. दुपारी गिऱ्हाइकाचा फोन आला की म्हणायचे, "आज काही नाहीये. गप्प बसून राहा. पैसे हलवू नका." असं सांगणारा दलाल गिऱ्हाइकांनी जन्मात पाहिला नव्हता. काही जण खूश झाले. मोठे साहेब झाले नाहीत. गिऱ्हाईक गप्प बसलं तर दलाली कुठून यायची?

महिना संपला आणि निरोपाची तारीख ठरली. हॉलमध्ये कुजबुज झाली की काकांची नजर गेली, वयच झालं. साहेबांनी भाषण केलं, फुलांचा गुच्छ दिला आणि काकांची नजर ही कंपनीची ठेव आहे असं सांगितलं. त्याच भाषणात जावयाला बढती जाहीर झाली, कारण त्याची ती युक्ती आता आणखी दोन कंपन्या विकत घेणार होत्या. टाळ्या दोघांना एकदमच पडल्या. जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाषण आटोपल्यावर लोक आपापल्या पडद्यांकडे धावले. भर दुपार होती. काका शेवटचं म्हणून आपल्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी जावयाला हाताने बोलावलं.

"बसा जरा."

जावई स्टूल ओढून बसला. समोर भावांच्या ओळी निश्चल होत्या. बराच वेळ काही झालं नाही. मग खालची एक ओळ हलकेच उजळली आणि विझली.

"बघितलंत?" काका कुजबुजले. आवाजात लहान मुलाचा आनंद होता. "हा खरा होता. कुणीतरी, कुठेतरी, खरंच काहीतरी घेतलं."

आजूबाजूचे पडदे वेड लागल्यासारखे लुकलुकत होते. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "शिजतोय!" आणि दहा जणांनी फोन उचलले. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी जावयाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दुपारचा बाजार इतका शांत असतो, जावईबापू. जन्म गेला इथे, पण हे कुणी सांगितलंच नव्हतं मला. तुम्ही त्या दिवशी नजर खरी आहे म्हणालात, म्हणून तर धीर झाला बघायचा."

त्या दिवशी ते खोटं होतं, आणि आज या अख्ख्या हॉलमध्ये खरं बघणारे काका एकटेच होते. हे सांगायला गेलं तर आधीचं सगळं सांगावं लागलं असतं.

"हो, बाबा," जावई म्हणाला, आणि साहेबांनी हाक मारेपर्यंत दोघे पुढची ओळ कधी उजळते त्याची वाट बघत बसले.